कॅनडा-अमेरिकेत बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तळ्यातले प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, खरंच मरतात का? मिठातलं क्लोराइड सरकारी मर्यादेत असलं तरी?

हो, मर्यादेत असलं तरी मरतात. कॅनडा-अमेरिकेतल्या बर्फाबद्दल तुम्ही विचारलंय, पण "रिपोर्ट मर्यादेत आहे" हे मी बडोद्यात इतकं ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दांडिया बाजारातलं घर सोडून आम्ही सोसायटीत आलो, तिथे बागेत छोटं तळं होतं. मी झूलॉजीची. पाणी बारीक जाळीतून गाळून मायक्रोस्कोपखाली धरलं की डॅफ्निया, मॉइना या शेवाळ खाणाऱ्या पाणपिसवा झटके देत पोहताना दिसायच्या. बिल्डिंगमधली मुलं बघायला रांग लावायची. मग बोअरचं पाणी जड म्हणून ते मऊ करणारा सॉफ्टनर बसवला. मिठाची पोती येऊ लागली आणि सॉफ्टनरमधलं रेझिन (जडपणा धरून ठेवणारे मणी) मिठाने धुतलेलं खारं पाणी थेट तळ्यात. उन्हाळ्यात तळं हिरवंगार झालं, जाळीत रोटिफर हे आणखी बारीक प्राणी तेवढे उरले. चेअरमनकाकांनी लॅबचा कागद पुढे केला: क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमच्या आत. "अगं, माणसाला चालतं, मग त्या किड्यांना काय होतंय?"

250 ही आपल्याकडची पिण्याच्या पाण्याची मर्यादा, तीही मुख्यतः चवीसाठी. जलचरांसाठी दीर्घकाळाची मर्यादा कॅनडात 120, अमेरिकेत 230. तीही पुरत नाही. 2022 साली अमेरिका, कॅनडा, स्वीडन आणि स्पेनमधल्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र आले. जवळपास तीन चतुर्थांश ठिकाणी सरकारी मर्यादेला किंवा तिच्या आतच प्राणिप्लवकांचे काही गट निम्म्यावर आले होते. शेवाळ खाणारेच गेल्यावर सुमारे निम्म्या ठिकाणी शेवाळ वाढलं. शिवाय क्लोराइड कुजत नाही की उडून जात नाही. पाणी आटेल तसं ते दाटच होतं.

प्रत्येक हिरवं तळं मिठानेच हिरवं होतं असं मात्र नाही. सांडपाण्यातला फॉस्फरस पुष्कळ ठिकाणी मोठा गुन्हेगार असतो, आणि आमच्याकडे लोक माशांना पावही टाकायचे.

तुमच्याकडे सॉफ्टनर असेल तर त्याचं खारं पाणी कुठे जातं ते आधी बघा. ड्रेनेजला जोडलं तरी मीठ पुढे नदीतच जाणार, म्हणून ठरल्या वारी रेझिन धुऊ नका. पाण्याचा जडपणा तपासून गरजेपुरतं धुवा. आणि कोणी पिण्याच्या पाण्याचा रिपोर्ट दाखवून तळं ठीक आहे म्हणालं, तर गप्प बसू नका. आमच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा अजून "ऐनवेळचे विषय" मध्येच येतो. तो अजेंड्यावर पहिला हवा.