दादरला भाडेकरू असलेला जुना फ्लॅट स्वस्तात मिळतोय. एजंट म्हणतो, खरेदीखत झालं की भाडेकरू निघेल. घ्यावा का?

एजंटच्या भरवशावर तरी घेऊ नका. मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. तुम्ही फक्त त्याचे नवे घरमालक होता.

आधी कागद मागा. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार असेल आणि मुदत संपत आली असेल, तर प्रश्न बराच सोपा आहे. पण जुनी भाडेपावती किंवा पागडी (सुरुवातीला एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली जागा) असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागतो. 'मला स्वतःला राहायचंय' हे कारण कलम 16 मध्ये आहे, पण गरज खरी आहे हे सिद्ध करावं लागतं. त्यातही जास्त हाल कुणाचे होतील, हे कोर्ट बघतं. दावा लघुवाद न्यायालयात, मग अपील. त्यात वर्षं जातात. भाडेकरू वारला तरी सोबत राहणाऱ्या घरच्यांना हक्क मिळू शकतो. भाडंही वर्षाला 4 टक्केच वाढवता येतं.

राहायलाच घ्यायचा असेल तर करारात रिकामा ताबा ही अट घाला आणि मोठी रक्कम ताबा मिळेपर्यंत अडवून ठेवा. भाडेकरूला स्वतः जाऊन भेटा, पावती कुणाच्या नावावर आहे ते विचारा.