मलबारी उडता बेडूक आणि ॲटलास पतंग यांच्यात साम्य काय आणि फरक काय?

दोघेही सह्याद्रीतले, रात्री बाहेर पडणारे आणि आंबोलीच्या पावसाळ्यात भेटणारे. दोघांचंही रूपांतर होतं: बेडूकमाशाचा बेडूक, सुरवंटाचा पतंग. पण साम्य बहुतेक इथेच संपतं.

बेडूक 'उडता' म्हणवतो, पण खरं तर तो तरंगत खाली येतो. बोटांमधले केशरी-लाल पडदे छत्रीसारखे ताणून तो झाडावरून नऊ ते बारा मीटर दूर जातो. पतंगाला मात्र खरे पंख आहेत आणि त्यांचा विस्तार सुमारे 24 सेंटीमीटरपर्यंत भरतो. पंखांची टोकं नागाच्या डोक्यासारखी दिसतात.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो खाण्यातला फरक. बेडूक मोठा झाल्यावर किडे खातो, त्यात पतंगही आले. ॲटलासला मोठेपणी कामाचं तोंडच नसतं! सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो आणि तेवढ्यात जोडीदार शोधतो. मादी गंध सोडते, नर पिसांसारख्या मिशांनी तो दुरून टिपतो. बेडकांमध्ये उलट, नर ओरडून मादीला बोलावतो.

अंडी घालताना बेडकीण पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करते. फेस विरघळला की पिल्लं टपटप खाली पाण्यात पडतात. म्हणून डबक्यावरच्या फांद्या कृपया तोडू नका. पतंगाची मादी अंडी पानांच्या मागे चिकटवते, तिला पाणी लागत नाही.