आधी ताम्रसृती, दुर्बीण नंतर

परवा विचारलंस ना, विश्वातल्या पहिल्या दीर्घिकांचा (गॅलेक्सींचा) अभ्यास करायचाय, दुर्बीण कुठली घेऊ? घेऊच नकोस. नोव्हेंबरात जांबोटीकडच्या अंधारात जा आणि नुसत्या डोळ्यांनी देवयानी दीर्घिका बघ. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय, तरी ती आपली शेजारीणच. तुला हव्यात त्या १३०० कोटी वर्षांमागच्या. त्या खानापूरच्या गच्चीवरून कुणालाच दिसायच्या नाहीत.

ताम्रसृती (रेडशिफ्ट) पक्की कर. विश्व प्रसरण पावतं तसा प्रकाश ताणला जातो, त्या ताणाचं माप म्हणजे ताम्रसृती. ताम्रसृती १४ असेल तर तरंगलांबी १५ पट. म्हणजे हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची अतिनील रेषा १.८ मायक्रोमीटरवर, थेट अवरक्तात. म्हणून तर जेम्स वेब ही अवरक्त अवकाश दुर्बीण लागली. या रेषेहून कमी तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळतो. दीर्घिका एका फिल्टरमध्ये दिसते, त्याहून कमी तरंगलांबीच्या फिल्टरमध्ये गायब.

पण नुसत्या फिल्टरवर भुलायचं नाही. २०२२ मध्ये सीईईआरएस-९३३१६ या दीर्घिकेची ताम्रसृती १६ च्या आसपास मानली गेली. पुढे वर्णपट (तरंगलांबीनुसार प्रकाशाची फोड) घेतला तर निघाली ४.९! मीही तेव्हा उड्या मारल्या होत्या, असो.

वेबचा बराचसा डेटा इंटरनेटवर फुकट आहे. पायथन शीक, बारावीचं भौतिकशास्त्र परत उघड. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी याच दुर्बिणीच्या डेटात अलकनंदा ही सर्पिल दीर्घिका शोधली, महास्फोटानंतर अवघ्या दीडशे कोटी वर्षांतली. आणि पुणं काय, बेळगावाहून रेल्वेनं एका रात्रीचं.