मावसभाऊ म्हणतोय ‘जॉइन हो’. कंपनी खरी आहे हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मावसभावाने हॉटेलच्या हॉलमध्ये नेऊन ‘प्लॅन’ दाखवला. 14,500 रुपयांचं हेल्थ पॅकेज घेऊन आयडी लावायचा, म्हणजे कंपनीचं सभासद व्हायचं, मग आपल्याखाली एक माणूस डावीकडे आणि एक उजवीकडे आणायचा. कंपनीकडे जीएसटी आहे, एफएसएसएआय आहे, मोठं ऑफिस आहे. मग ती खरी धरायची का?

मी वकील नाही, सीए नाही. कराडजवळ आमचं किराणा-जनरल स्टोअर आहे. आणि 2012-13 मध्ये चौदा महिने मी असाच एक आयडी चालवलाय. धाकटी नणंद घेऊन गेली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने फरकही पडत नाही.

जीएसटी आणि एफएसएसएआय माझ्या दुकानालाही आहे. त्यातून इतकंच कळतं की कर भरायला नंबर घेतलाय आणि खाण्याचा माल विकायचा परवाना आहे. कमिशनचा प्लॅन कसा आहे, हे ती खाती बघत नाहीत. नाशिकची केबीसी मल्टिट्रेड रीतसर प्रायव्हेट लिमिटेड होती, 2014 मध्ये पैसे अडकलेले ठेवीदार पोलीस ठाण्याबाहेर रांगा लावून उभे होते. स्पीक एशिया आठवते का? 11,000 रुपये भरा आणि घरबसल्या सर्व्हे भरून कमवा. 2011 मध्ये मुंबईच्या आर्थिक गुन्हे शाखेत प्रकरण गेलं. आमच्या गल्लीतल्या एका शिक्षकाने तिच्यात तीन आयडी घेतले होते, तिन्ही घरातल्यांच्याच नावावर.

मी आयडी लावला तेव्हा मनात हिशोब सोपा होता. बाकीच्यांना गिऱ्हाईक शोधत फिरावं लागतं, माझ्याकडे तर दुकानच आहे. तसं अपलाइनला, म्हणजे साखळीतल्या माझ्या वरच्या माणसाला, सांगितलं तर तो दचकला. “वहिनी, दुकानात ठेवायचं नाही हं, कंपनीचा नियम आहे.” नियम खराच होता, हा धंदा दुकानाबाहेर, माणसामाणसांतून चालायचा असतो. पण मी ऐकलं नाही. काउंटरवर आमच्या नेहमीच्या पेस्टशेजारी त्यांची पेस्ट ठेवली. नेहमीची 42 ची, ही 115 ची. शेजारी प्रोटीन पावडरचा डबा, 1,900 चा. चार महिन्यांत तीन पेस्ट आणि फरशी पुसायची एक बाटली गेली. पेस्ट नेलेल्या तिघींपैकी एकीनेही दुसऱ्यांदा मागितली नाही. डबा लोक हातात घ्यायचे, किंमत वाचायचे आणि जपून परत ठेवायचे, जसा काही फुटेल.

आणि त्याच चार महिन्यांत आमच्या ग्रुपमधली साठेक माणसं तोच डबा दर महिन्याला घेत होती. का? आयडी ॲक्टिव्ह ठेवायला. महिन्याला दोन हजारांची खरेदी झाली नाही तर त्या महिन्याचं कमिशन बुडायचं. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. आम्ही स्वतःला विक्रेते समजत होतो, पण गिऱ्हाईक आम्हीच होतो. बाहेरचा पैसा आत येतच नव्हता. माझ्याखाली आलेल्या जावेचे दोन हजार थोडे मला, थोडे माझ्या वरच्याला, थोडे त्याच्या वरच्याला, आणि बाकी कंपनीला.

तेव्हा माझी कसोटी एकच आहे. कमिशन नावाची गोष्टच नाही असं धरा. मग हा माल, ह्याच किमतीला, कोण घेईल? घेणारी माणसं खरोखर असतील तर धंदा आहे, मग त्याला कितीही पायऱ्या असू देत. टप्परवेअरचे डबे महाग असायचे, तरी आमच्या भिशीतल्या बायका स्वतःहून मागायच्या, आणि त्यातल्या बहुतेकींना विकायचं बिकायचं काही नव्हतं. साखळी दिसली की फसवणूक, असं मी म्हणत नाही. आमच्या डब्याला मात्र आयडी नसलेला एकही गिऱ्हाईक नव्हता.

आता तुमच्या डाव्या-उजव्याकडे येते, कारण तिथे माणसं सगळ्यात जास्त फसतात. प्रत्येकाने दोनच आणायचे, किती सोपं वाटतं. एकाखाली दोन, दोनाखाली चार, मग आठ, सोळा. कुठेही थांबा, शेवटच्या ओळीतली माणसं वरच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा एकाने जास्तच भरतात. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांखाली कधीही, कुठल्याही दिवशी, कोणीच नसतं. त्यांच्या वरच्या ओळीतल्यांखाली दोघंच. ह्या दोन ओळी मिळून सगळ्या माणसांचा जवळजवळ पाऊण भाग होतो. कंपनी दोन वर्षांची असो की वीस, लोक मेहनती असोत की आळशी, चित्र हेच राहणार. स्टेजवर सांगतात की जे मेहनत करत नाहीत ते मागे राहतात. अहो, ओळीला शेवट असतोच, तिथे कोणीतरी उभं असणारच!

त्यात भाऊ म्हणेल, “काळजी नको, एक लेग आम्हीच भरून देतो.” लेग म्हणजे बाजू, आणि ही पॉवर लेग. वरच्यांची माणसं तुमच्या एका बाजूला उतरतात, आकडा फुगतो, तुम्हाला वाटतं गाडी सुटली. पण पैसे मिळतात जोडीवर, म्हणजे कमी भरलेल्या बाजूच्या हिशोबाने. ती बाजू तुम्हीच भरायची. माझ्या डाव्या बाजूला एके काळी दोनशेवर माणसं होती, उजव्या बाजूला माझी जाऊ आणि दूधवाला.

कायद्याचं थोडक्यात सांगते. माणसं भरती करण्यावर पैसे वाटणाऱ्या योजनांवर 1978 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय डिसेंबर 2021 मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे, म्हणजे अशा माणसामाणसांतून चालणाऱ्या विक्रीचे, नियम आले. त्यांनुसार पिरॅमिड योजना, म्हणजे खालच्यांच्या भरतीवर वरच्यांना पैसे देणारी साखळी, चालवता येत नाही, जॉइनिंग फी घेता येत नाही, लेखी करार लागतो, ठरलेल्या मुदतीत करार मोडता आला पाहिजे आणि विकण्याजोगा माल परत घेण्याची सोय हवी. दारात येणाऱ्याकडे ओळखपत्र पाहिजे. ह्यातली पळवाट तुमच्याच प्रश्नात आहे. “जॉइनिंग फ्री, फक्त पॅकेज घ्यायचं.” पॅकेज न घेता आयडी मिळतो का, ते विचारा. नाही म्हणाला तर ती फीच आहे, डब्यात भरलेली.

भावाकडे आणखी दोन गोष्टी मागा. पहिली, आयकराच्या पोर्टलवर त्याच्या पॅनवर वर्षभरात किती कमिशन जमा झालं आणि किती टीडीएस कापला गेला, ते दाखवायला सांगा. चेकचा फोटो नको, व्हॉट्सॲपवरचा स्क्रीनशॉट नको. दुसरी, त्यातून त्याची स्वतःची खरेदी, सेमिनारची तिकिटं आणि पेट्रोल वजा करायला बसवा. दुकानाच्या सवयीमुळे मी हे वहीत लिहीत होते, म्हणून सांगू शकते: सुरुवातीचं पॅकेज 7,500, महिन्याच्या खरेदीचे 28,000, कोल्हापूर-पुण्याच्या सेमिनारांचे साडेपाच हजार. आलेलं कमिशन 9,300. माल घरात वापरला गेला, तो अगदीच वाया गेला असं नाही. पण 115 ची पेस्ट मी आपखुशीने कधीच घेतली नसती.

आणि तिथल्या तिथे, त्याच संध्याकाळी पैसे भरा म्हणत असतील, “उद्यापासून ऑफर बंद” असं सांगत असतील, तर पुढचं काही तपासूच नका, उठून या. आधीच कोणाचे पैसे अडकले असतील तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे. पावत्या, मेसेज, कराराचे कागद जपून ठेवायला सांगा.

भाऊ लबाड आहे असं मात्र मनात आणू नका. माझी नणंद लबाड नव्हती. तिला खरंच वाटत होतं की ती वहिनीचं भलं करतेय, आणि मी सोडलं तेव्हा चार महिने ती आमच्याकडे जेवायला आली नाही. तुम्हाला तोंडावर नाही म्हणणं जड जात असेल तर त्याच्याकडून एखादी पेस्ट रोख पैसे देऊन घ्या आणि आयडीसाठी आधार-पॅन देऊ नका. मी नंतर दर दिवाळीला तेच करायचे. तिने स्वतः सोडलं त्या वर्षी पेस्टऐवजी चिवड्याचा डबा घेऊन आली.