ओढ्यातले मासे उन्हाळ्यात वर का येतात?

हिवाळाभर घरच्या टाकीत मजेत असलेले ओढ्यातले छोटे मासे आता दुपारी वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत, तर चिलर, म्हणजे टाकीतलं पाणी थंड करणारं यंत्र, घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, एवढ्यात नको. आधी हवेचं बघा.

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. १० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, ३० ला जेमतेम साडेसात. आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढलेली असते. गप्पीसारखा संथ पाण्यातला छोटा मासा अशा पाण्यात निभावून नेतो. खळाळत्या पाण्यात वाढलेल्या माशाला ते जमत नाही.

म्हणून पहिलं काम, पॉवरहेडचं (टाकीत पाणी ढकलणाऱ्या छोट्या पंपाचं) तोंड असं वळवा की पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता राहील. एअरस्टोनच्या (हवा सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाच्या) बुडबुड्यांचा खरा उपयोगही तोच, वरचं पाणी ढवळणं. काचेचं झाकण काढून जाळी बसवा, उघडं मात्र ठेवू नका. हे मासे पट्टीचे उड्या मारणारे. मग पाण्यावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंश उतरतं, दमट हवेत त्याहून कमी. बर्फाच्या बाटल्या सोडायचा सल्ला सर्रास मिळतो, मला तो पटत नाही. पाणी एकदम उतरतं, तासाभरात पुन्हा चढतं, आणि हे हेलकावे माशांना जास्त भोवतात.

सगळ्या टाकीत पूर आणायचा नाही. मोठे गोटे असे रचा की त्यांच्या मागे संथ जागा राहील. लोच (तळाशी राहणारा छोटा मासा) असेल तर बघा, गोट्याच्या आडोशाला प्रवाहाकडे तोंड करून बसतो, खाणं वाहत आलं की झेपावून टिपतो आणि परत जागेवर. गोट्यांवरचं शेवाळ घासू नका, काही जातींचं पोट त्यावरच चालतं.

उन्हाळ्यात खाणं कमी टाका, कारण गरम पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. झाडं दाट असतील तर पहाटे, लाइट लावायच्या आधी, कल्ले किती वेगाने हलतायत ते पाहा. रात्रभर झाडंही ऑक्सिजन खातात, त्यामुळे खरी कसोटी दुपारइतकीच पहाटेची.

एवढं करूनही मासे वरच राहिले आणि जात खरोखर थंड पाण्याची असेल, तर चिलरला पर्याय नाही. तो परवडत नसेल तर मासे सांभाळू शकेल अशा कुणाला तरी द्या. ओढ्यात परत सोडू नका, टाकीतले रोग तिथे पोचतात. जात कोणती आणि टाकी किती लिटरची, तेवढं कळवा.