सिद्ध झालेला प्रयोग गावोगाव का पोहोचत नाही?

प्रश्न : आमच्या गावात गेल्या काही वर्षांत परदेशी मदतीवर चालणारे दोन प्रकल्प आले. तीन वर्षे काम चांगले चालले. मग मुदत संपली, गाडी येणे बंद झाले आणि आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाटी तेवढी उरली आहे. एखादी पद्धत उपयोगी असल्याचे अभ्यासाने सिद्ध झाले असेल, तर मदत देणारी सरकारे ती सर्वत्र का नेत नाहीत?
– एक निवृत्त शिक्षक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : परदेशी सरकारांचा पैसा मुदतीचा असतो. कर्मचाऱ्यांचे मानधन आणि औषधांची खरेदी यांसारखा दरवर्षीचा खर्च शेवटी आपल्याच सरकारच्या अंदाजपत्रकात यावा लागतो. त्यामुळे या मदतीकडून विस्ताराची नव्हे, तर फसण्याची शक्यता असलेले प्रयोग पारखून देण्याची अपेक्षा ठेवणे अधिक रास्त आहे. अमेरिकी सरकारची परदेशी मदत हाताळणाऱ्या यूएसएड या संस्थेने २०१० मध्ये ‘डेव्हलपमेंट इनोव्हेशन व्हेंचर्स’ हा निधी याच विचाराने सुरू केला. त्यात नव्या कल्पनेला आधी लहान रक्कम, परिणाम दिसल्यास कसून चाचणीसाठी मोठी आणि त्यानंतरच विस्तारासाठी त्याहून मोठी रक्कम, अशा पायऱ्या होत्या. या निधीच्या सुरुवातीच्या अनुदानांचा हिशेब पुढे मांडला गेला, तेव्हा एका डॉलरमागे किमान १७ डॉलरचा सामाजिक लाभ निघाला; मात्र हा लाभ मूठभर प्रयोगांतून आलेला होता.

खरी अडचण असते ती प्रयोग सरकारी यंत्रणेच्या हाती जाताना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत स्थानिक आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत राबवली. वजन करणे आणि ऊब राखणे यांबरोबरच, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे हेही या आरोग्यदूतांचे काम होते. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले आणि हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांमार्फत याच धर्तीचा सरकारी कार्यक्रम देशभर सुरू होण्यास २०११ साल उजाडले, आणि तेव्हाही इंजेक्शनचे काम आशांकडे आले नाही. २०१४ मध्ये ती मुभा मिळाली ती एएनएमना, म्हणजे उपकेंद्रातील परिचारिकांना, तीही ठरावीक परिस्थितीतच. ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण ६२ टक्क्यांचा आकडा ज्या कामाचा होता ते काम जसेच्या तसे पुढे गेले नाही, म्हणून तोच आकडा नव्या कार्यक्रमाला चिकटवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आपण शिक्षक होता, म्हणून केनियाचेही सांगतो. तेथे कंत्राटी शिक्षक नेमण्याचा प्रयोग स्वयंसेवी संस्थेने राबवला त्या शाळांतील मुलांचे गुण वाढले. तोच प्रयोग सरकारने राबवला तेथे फरक पडला नाही. कारण शोधण्यासाठी आपल्यासारख्यांना नैरोबीपर्यंत जावे लागू नये. अभ्यासात सिद्ध होते ती केवळ पद्धत नव्हे. तिच्यामागचे प्रशिक्षण, देखरेख, वेळेवर मिळणारा पैसा आणि साहित्य यांसह उभी असलेली व्यवस्था सिद्ध होते. म्हणून मदतीचा पैसा दुसऱ्या चाचणीवर, म्हणजे तेच काम तालुक्याच्या यंत्रणेने, तिच्याच पगारात आणि तिच्याच माणसांकडून करून पाहण्यावर खर्च व्हायला हवा. ती चाचणी सहसा वगळली जाते, कारण प्रकल्पाच्या अहवालात संस्थेने स्वतः केलेले काम अधिक उठून दिसते.

आपल्या गावातील दोन प्रकल्पांपैकी एकाचे तरी काम पुढे कोणी घ्यायचे, हे पहिल्याच वर्षी लेखी ठरले होते का, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात पाहावे. तिसरा प्रकल्प आलाच, तर मुदत संपल्यावर ते काम कोणत्या कर्मचाऱ्याकडे आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाच्या कोणत्या सदरात जाणार, हा प्रश्न ठराव मंजूर होण्यापूर्वीच ग्रामसभेत विचारावा.