बैल बुजतो, गाय पान्हा सोडत नाही: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या जोडीतला डावा बैल गेल्या हंगामापर्यंत निमूट चालायचा. आता ओढ्यावरच्या फरशी पुलापाशी आला की पाय रोवून उभा राहतो. चाबूक ओढला की मागे सरतो, गाडी तिरकी होते. घरचे म्हणतात नाठाळ झाला, बाजार दाखवा. (माण तालुका)

उत्तर : बाजाराचं एवढ्यात नको. नाठाळ बैल कुठेही अडतो. एकाच जागी अडणारा बैल बहुधा घाबरलेला असतो, नाहीतर नेमकं तिथे त्याचं काहीतरी दुखतं.

आधी दुखणं तपासा. जू उतरवल्यावर खांद्यावर तळहात ठेवा. एक बाजू गरम लागली, दाबल्यावर कातडी थरथरली किंवा त्याने मान झटकली, तर खांदेसुजीची सुरुवात समजा. फरशीकडे उतार असतो आणि उतरताना गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे दुखरा खांदा सपाट रस्त्यावर गप्प राहून उतारावर बोलतो. जोडीतल्या बैलांच्या उंचीत फरक असेल तर जू तिरकं बसून एकाच बाजूला घासत राहतं. सूज असेल तर ती पूर्ण उतरेपर्यंत जुंपू नका, घरी फोडूही नका, डॉक्टरांना दाखवा. मग खूर पाहा. गुळगुळीत झालेली नाल किंवा वर आलेला खिळा काँक्रीटवर घात करतो.

दुखणं नसेल तर भीती. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला भोवतालचं जवळजवळ ३३० अंशांतलं दिसतं, पण खोलीचा अंदाज समोरच्या अरुंद पट्ट्यातच येतो आणि त्यासाठी मान खाली घालून पाहावं लागतं. जुंपलेल्या बैलाला मान पुरती खाली नेता येत नाही. मग पाण्याची चमक, कठड्याची सावली किंवा फरशीच्या सांध्यातली काळी रेघ त्याला खड्ड्यासारखी वाटू शकते. त्यात तिथे एकदा पाय घसरला असेल तर ती जागा तो विसरत नाही. वर तिथेच चाबूक बसला, की फरशी आणि मार यांची त्याच्या डोक्यात पक्की गाठ बसते. तुमच्या बैलाचं असंच झालं असावं.

उपाय सावकाशीचा आहे. फरशीवर शेवाळ असेल तर खरवडून मुरूम पसरा. पहिले काही दिवस गाडी न जुंपता, शांत स्वभावाचा जोडीदार पुढे घालून, दोघांना मोकळं न्या. कासरा सैल ठेवा. त्याला मान खाली घालून हुंगू द्या, हवं तेवढा वेळ. वेसण ओढू नका; नाक दुखलं की तो पुढे येण्याऐवजी मागेच ओढ घेईल. तुम्ही त्याच्या खांद्याच्या थोडं मागे, त्याला दिसाल असे चाला. अगदी समोर उभं राहिलात तर वाट अडवल्यासारखं होतं, आणि थेट पाठीमागे तर तुम्ही त्याला दिसतच नाही. मोकळा न अडखळता जायला लागला की रिकामी गाडी, मग अर्धा भार. लख्ख उन्हात नेण्यापेक्षा ढगाळ हवेत न्या.

मध्येच बुजला तर लगेच पुन्हा प्रयत्न नको. घाबरलेलं जनावर शांत व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. डोळ्याचं पांढरं बुबुळाभोवती दिसत असेल, नाकपुड्या फुगलेल्या असतील, शेण पातळ पडत असेल, तोवर थांबाच. गायींच्या डोळ्यातलं पांढरं किती दिसतं याची मोजमापं नॉर्वेतल्या संशोधकांनी घेतली आहेत. घुसमट आणि भीती वाढली की ते वाढतं.

पराणीला, म्हणजे हाकायच्या काठीला, आर (टोकदार खिळा) लावली असेल तर आजच काढा. ओझ्याच्या जनावरांबाबतच्या १९६५च्या केंद्रीय नियमांत अणकुचीदार काठीला मनाई आहे. दिवसात नऊ तासांहून जास्त, सलग पाच तासांहून जास्त, आणि पारा ३७ अंशांवर असताना दुपारी १२ ते ३ काम घेऊ नये, हेही त्याच नियमांत आहे. ऊसवाहतुकीत हे किती पाळलं जातं, ते रस्त्यावर दिसतंच.

प्रश्न : गाय विऊन आठ दिवस झाले आणि वासरू दगावलं. गाय रात्रंदिवस हंबरते. नऊ लिटरवरून दूध तीनवर आलं. शेजारी म्हणतात इंजेक्शन द्या, लगेच पान्हा सोडेल. (शिरूर)

उत्तर : दूध आटलेलं नाही, उतरत नाही. गायीच्या कासेतलं साधारण पाचवा हिस्सा दूधच आयतं खाली साठलेलं असतं. बाकीचं बारीक पिशव्यांत असतं आणि ऑक्सिटोसिन हे शरीरातलंच संप्रेरक रक्तात आल्याशिवाय सुटत नाही. वासरू ढुसण्या देतं, सड चोखतं, तेव्हा ते आपोआप सुटतं. गाय घाबरली, बावरली की अॅड्रिनलिन त्याची वाट अडवतं. म्हणजे वासराविना, अनोळखी हातांनी, आरडाओरड्यात पिळलेल्या गायीकडून तीनच लिटर मिळणार.

बाहेरून द्यायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन रोजचं झालं की गाय त्याशिवाय पान्हा सोडेनाशी होते. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपाय होईल असं इंजेक्शन देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हाही आहे: हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. डॉक्टरांनी स्वतः तपासून एखाद्या वेळी दिलं तर गोष्ट वेगळी.

दूध काढणारा माणूस, वेळ, जागा आणि बादली एकच ठेवा. आंबोण पुढे ठेवूनच बसा, म्हणजे तिचं मन त्यात गुंतेल. कोमट पाण्याने कास धुऊन कोरड्या फडक्याने पुसा आणि मिनिटभर हलक्या हाताने चोळा. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या ताटलीत घ्या. गुठळ्या किंवा पाणचट दूध दिसलं, कास गरम लागली, तर दगडीची (कासेच्या सुजेची) शंका घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. दूध कासेत राहिलेल्या गायीला हा धोका जास्त. सड भरून आले की लगेच सुरू करून पाच ते सात मिनिटांत संपवा, कारण ऑक्सिटोसिनचा जोर तेवढाच टिकतो. मध्ये उठून फोन घेतलात तर उरलेलं दूध कासेतच राहतं.

हंबरण्याकडेही कान द्या. वासरू जवळ असताना गाय तोंड जवळजवळ मिटून, खालच्या पट्टीत घुमल्यासारखा आवाज काढते. दिसेनासं झालं की तोंड उघडून उंच, लांब हाक मारते. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात हे दोन्ही आवाज वेगळे नोंदले गेले आणि प्रत्येक गायीचा आवाज तिचा स्वतःचा असल्याचंही दिसलं. उंच हाका साधारणपणे काही दिवसांत विरळ होतात. तोवर तिला एकटी बांधू नका, ओळखीच्या गायीशेजारी ठेवा. त्यातच चारा सोडला किंवा अंगात ताप आला तर मात्र ते केवळ दुःख नाही. विल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत गर्भाशयाचा संसर्गही असू शकतो. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते.

प्रश्न : आमचा पाच महिन्यांचा कुत्रा चपला फाडतो. घरी आलो की कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसतो. चूक कळते, मग करतो कशाला? (पुणे)

उत्तर : ती नजर अपराधाची नाही, तुमच्या रागाला दिलेलं उत्तर आहे. न्यू यॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासलं. मालकाने खाऊ खायला मनाई करून खोली सोडायची, मागे कुत्र्याने काय केलं ते मालकाला कधी खरं तर कधी खोटं सांगायचं. ‘अपराधी’ चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा, मग कुत्र्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो. खाऊला तोंडही न लावता ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांत तो जास्तच दिसला.

तासाभरापूर्वी फाडलेल्या चपलेशी आत्ताचा ओरडा कुत्रा जोडू शकत नाही. ‘मालक दारात आला की भीती’ एवढंच तो शिकतो. पाच महिने हे दात बदलण्याचं वय आहे. चपला कपाटात टाका, रबराचं मजबूत खेळणं द्या (शिजवलेलं हाड नको, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात), आणि बाहेर पडण्याआधी अर्धा तास फिरवून आणा. नासधूस दाराच्या चौकटीपाशीच आणि तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच होत असेल, तर प्रकरण एकटेपणाच्या भीतीचं आहे. मग पाच मिनिटांपासून सुरुवात करून एकटं ठेवण्याचा वेळ हळूहळू वाढवावा लागेल.

प्रश्न : सोसायटीच्या फाटकापाशी एक कावळा फक्त मलाच टोचा मारतो. पितरांचं काही राहिलंय का? (डोंबिवली)

उत्तर : तुमची चिठ्ठी मे महिन्यातली, पितृपक्षाला अवकाश आहे. हा घरट्यांचा हंगाम. जवळच्या झाडावर घरटं असणार आणि तुम्ही कधीतरी फांदी हलवली असेल किंवा पडलेलं पिल्लू उचललं असेल. सिअ‍ॅटलमध्ये संशोधक जॉन मार्झलफ यांच्या गटाने २००६ मध्ये ठरावीक मुखवटा घालून कावळे पकडले, खुणेच्या कड्या घालून सोडले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करत, ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेसुद्धा. ते अमेरिकी कावळे, आपला गावकावळा त्याच कुळातला.

तीन-चार आठवडे छत्री उघडून जा किंवा दुसरं फाटक वापरा. घरटं पाडू नका. कदाचित आत कोकिळेचं पिल्लू असेल आणि कावळा त्याच्यासाठीच भांडत असेल. पिसं फुटलेलं पिल्लू खाली उड्या मारताना दिसलं तर उचलू नका. ते उडायला शिकतंय आणि आईबाप वरून पाहताहेत. गाडीखाली येण्यासारखी जागा असेल तरच त्याच्यावर फडकं टाकून उचला, जवळच्या झुडपावर ठेवा आणि ताबडतोब बाजूला व्हा.